आधी डागडुजी, मग सम्राट: चीनचे राजवाडे वर्गात कसे शिकवावेत

राजवाडा शिकवायचा म्हटलं की आपण राजापासून सुरुवात करतो. घराणं कोणतं, बांधला कधी, खोल्या किती, सिंहासन केवढं. मुलं वहीत उतरवून घेतात, चाचणीत लिहितात आणि दिवाळीच्या सुट्टीत विसरून जातात. चीनचे राजवाडे तर त्याहून लांबचे. नावं जिभेवर बसत नाहीत आणि डोळ्यासमोर येतो तो सिनेमातला ड्रॅगन.

मी नाशिकमध्ये मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी-नववीला इतिहास शिकवते. वारशाच्या प्रकल्पासाठी हे राजवाडे मी मुद्दाम निवडते आणि उलट्या बाजूने शिकवते. लाकडाची इमारत सहाशे वर्षं टिकते कशी? आग लागली तर काय करायचे? पावसाचं पाणी जातं कुठे? तुटलेलं कौल कोण बदलतं? हे प्रश्न आधी, सम्राट नंतर. वारसा म्हणजे कुणीतरी रोज राखलेली वस्तू, हे मुलांना कळावं असं मला मनापासून वाटतं. आपल्या जुन्या नाशिकमध्ये दर पावसाळ्यात एखादा वाडा ढासळल्याची बातमी येते. ती वाचून मुलांनी पुढे जाऊ नये, थांबून विचारावं, यासाठी बीजिंगचा फेरा मला उपयोगी पडतो.

शिक्षकाने आधी काय पक्कं करावं

सगळे राजवाडे घ्यायला जाऊ नका. तीन पुरेत. मुख्य बीजिंगची निषिद्ध नगरी. मिंग घराण्याच्या योंगले सम्राटाने १४०६ मध्ये काम सुरू केलं आणि १४२० मध्ये ते पूर्ण झालं. मिंग आणि छिंग या दोन घराण्यांचे मिळून २४ सम्राट इथून राज्य करत होते. १९१२ मध्ये शेवटचा सम्राट पुयी याने गादी सोडली, तरी तो आतल्या भागात राहत होता. १९२४ मध्ये त्याला बाहेर काढलं आणि १९२५ च्या १० ऑक्टोबरला तिथे संग्रहालय सुरू झालं. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ही नगरी १९८७ मध्ये आली.

दुसरा शेनयांगचा राजवाडा. छिंग घराण्याचे मांचू लोक बीजिंग जिंकण्याआधी तिथून राज्य करायचे. १६२५ च्या सुमारास त्याचं काम सुरू झालं. २००४ मध्ये तो निषिद्ध नगरीच्याच नोंदीत जोडला गेला. तिसरा बीजिंगचा उन्हाळी राजवाडा: तलाव, टेकडी, बाग आणि ७२८ मीटर लांबीची चित्रं रंगवलेली लाकडी पडवी. छियानलोंग सम्राटाने तो १७५० मध्ये करवून घेतला, १८६० च्या युद्धात तो बराचसा नष्ट झाला आणि १८८६ मध्ये जुन्या पायावर पुन्हा उभा राहिला. युनेस्को यादीत तो १९९८ चा. एवढं तुमच्या डोक्यात असलं की पुरे. फळ्यावर हे सगळं लिहू नका.

मैदानावर फक्की टाका

पहिली तासिका मैदानावर घ्या. निषिद्ध नगरी उत्तर-दक्षिण ९६१ मीटर आणि पूर्व-पश्चिम ७५३ मीटर आहे. भोवती ५२ मीटर रुंद खंदक आणि १० मीटर उंच तट. हे आकडे नुसते सांगितले तर हवेत विरतात. पन्नासास एक या प्रमाणात आखले तर मैदानावर मावतात: साधारण १९.२ मीटर बाय १५ मीटरचा आयत आणि बाहेरून एक मीटरचा खंदक. कबड्डीचं मैदान आखायला वापरतो तीच फक्की, एक लांब दोरी आणि मीटरपट्टी. काटकोन धरायला तीन-चार-पाचची दोरी वापरा. गणिताच्या शिक्षकांना बरोबर घेतलं तर त्यांचाही पायथागोरस होऊन जातो.

दक्षिण बाजू आधी ठरवा, कारण सगळं दक्षिणेकडे तोंड करून आहे. दक्षिणेच्या तटात मुख्य दरवाजा, त्याला पाच कमानी. मधली कमान फक्त सम्राटाची. सम्राज्ञी तिथून आत यायची ती लग्नाच्या दिवशी. शाही परीक्षेत पहिल्या तिघांत आलेल्या उमेदवारांना तिथून बाहेर पडायचा मान मिळे. इथे थांबा आणि मुलांना रांगेत उभं करून आत येऊ द्या, कुणी कुठल्या कमानीतून यायचं हे चिठ्ठ्यांवर आधी लिहून ठेवा. परीक्षेत अव्वल आलेला शेतकऱ्याचा मुलगा त्या कमानीतून बाहेर पडतोय, हे आमच्या वर्गाला फार आवडतं.

दरवाजातून आत गेल्यावर वळणाची छोटी नदी, तिच्यावर पाच पूल, मग आणखी एक दरवाजा आणि मग प्रचंड मोकळं अंगण. त्याच्या टोकाला तीन थरांच्या संगमरवरी चौथऱ्यावर ताइहे महाल, म्हणजे राज्याभिषेकाचा आणि मोठ्या दरबाराचा महाल. लांबी सुमारे ६४ मीटर, खोली ३७ मीटर. फक्कीच्या नकाशात तो सव्वा मीटर बाय पाऊण मीटर होतो. त्याच्या मागे एक लहान महाल, त्यामागे तिसरा. इथे बाहेरचा, दरबारी भाग संपतो. पुढच्या दरवाजाच्या आत राहण्याचा भाग, शेवटी बाग आणि उत्तरेचा दरवाजा.

मग मोडक्या खडूचा तीन सेंटिमीटरचा तुकडा त्या अंगणात उभा करा. याच प्रमाणात तुम्ही एवढे, असं सांगा. दीड मीटर उंचीचा मुलगा त्या अंगणात केवढा दिसेल, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं आणि मैदानावर एकदम शांतता होते. एकूण क्षेत्र ७२ हेक्टर, म्हणजे १७८ एकराच्या आसपास. निफाड-दिंडोरीकडून येणाऱ्या मुलांच्या घरी द्राक्षबागा असतात, त्यांना एकर लगेच कळतो; त्यांनाच इतरांना समजावू द्या.

आग आणि पाणी

दुसऱ्या तासिकेला मी एकच वाक्य फळ्यावर लिहिते: १४२१ मध्ये, बांधून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा वीज पडली आणि तिन्ही मोठे महाल जळाले. ते जवळपास वीस वर्षं तसेच पडून होते. पुढे पुन्हा बांधले, पुन्हा जळाले. १५५७ आणि १५९७ च्या आगी मोठ्या होत्या. आज जो ताइहे महाल दिसतो तो १६९५ ते १६९७ या काळात उभारलेला आहे. एवढं सांगून गप्प बसायचं आणि मुलांना विचारायचं, तुम्ही असता तर काय केलं असतं?

उत्तरं येतात: विहिरी खणू, लाकूडच नको, पहारा ठेवू. बहुतेक उत्तरं तिथल्या लोकांनीही काढली होती. अंगणांमध्ये पाण्याने भरलेले धातूचे मोठमोठे रांजण ठेवलेले असत. जुन्या नोंदीत त्यांची संख्या ३०८ आहे. बीजिंगचा हिवाळा कडाक्याचा, रांजणातलं पाणी गोठलं तर आगीच्या वेळी उपयोग काय? म्हणून थंडीत रांजणांना कापसाचं जाड आवरण घालत, वर झाकण ठेवत आणि कडाका वाढला की खाली कोळसा पेटवत. आग विझवायच्या पाण्याखाली विस्तव, हे मुलांना एकदम पटत नाही, आणि म्हणूनच ते लक्षात राहतं. ताइहे महालाजवळच्या रांजणांवर सोन्याचा मुलामा होता. आज तो खरवडलेला दिसतो, आणि १९०० मध्ये शहरात घुसलेल्या परदेशी सैनिकांनी संगिनींनी तो खरवडला असं सांगतात. त्या ओरखड्यांचा फोटो मोठा करून दाखवा.

शक्य असेल तर याच आठवड्यात मुलांना तांबट आळीत घेऊन जा. तांब्याचा पत्रा ठोकून बंब किंवा हंडा कसा घडतो हे जवळून पाहिलं, त्या ठोक्यांचा आवाज कानात बसला, की ओतीव रांजण आणि ठोकीव भांडं यातला फरक त्यांना विचारावासा वाटतो. मी प्रश्नांची यादी देत नाही. कारागिराचा हात थांबेल असं काही विचारू नका, एवढीच सूचना.

पाण्याचं मात्र पटकन होतं. संपूर्ण नगरीला उत्तरेकडून दक्षिणेकडे हलका उतार आहे. त्या तीन थरांच्या चौथऱ्याला कठड्याबाहेर हजाराहून जास्त दगडी ड्रॅगनमुखं आहेत. पाऊस पडला की त्या तोंडांतून पाणी खाली येतं आणि गटारांमधून पुढे जातं. एक फळी किंचित तिरकी ठेवून तिच्यावर मगभर पाणी ओता, बस. गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या भागाला लागला यावरून मोजणाऱ्या गावातल्या मुलांना पाण्याचं जास्त सांगावं लागत नाही.

पुस्तकांसाठी केलेली सोय मात्र सांगायला विसरू नका. बाकी बहुतेक छपरं पिवळ्या कौलांची, कारण पिवळा रंग सम्राटाचा. पण छियानलोंगच्या काळात १७७६ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथालयाचं छप्पर काळ्या कौलांचं आहे. तिथल्या कल्पनेत काळा रंग पाण्याचा, आणि पुस्तकांचा शत्रू आग. आपल्याकडे दाराला लिंबू-मिरची लावतात, तशीच माणसाची भीती आणि आशा इथे छपरावर बसली आहे. आज अर्थातच तिथे विजेपासून संरक्षणाची यंत्रणा आहे.

बर्फावरून दगड

हा माझा सर्वांत आवडता तास आहे, आणि विज्ञानाच्या शिक्षकांशिवाय तो करू नये.

तिसऱ्या महालाच्या मागे उतारावर एक कोरीव दगड आहे: साडेसोळा मीटरहून लांब, तीन मीटर रुंद, वजन अंदाजे २०० टन, वर ढगांतले ड्रॅगन. क्रेन नव्हती, ट्रक नव्हते. हा दगड खाणीतून आणला कसा? उत्तर हिवाळ्यात आहे. रस्त्याच्या कडेने विहिरी खणायच्या, पाणी ओतून रस्ता गोठवायचा आणि दगड सरकगाडीवर ठेवून ओढत न्यायचा. १५५७ च्या आगीनंतरच्या बांधकामाची नोंद सांगते की १२३ टनांच्या आसपास वजनाचा एक दगड सुमारे ७० किलोमीटर अंतर २८ दिवसांत आला.

चाकाचा शोध तर कधीच लागला होता, मग बर्फ का? असा प्रश्न वर्गात येतोच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात घर्षणाचं गणित मांडलं आहे. एवढं वजन त्या काळच्या चाकांना पेलणारं नव्हतं. कोरड्या जमिनीवरून असा दगड ओढायला दीड हजाराहून जास्त माणसं लागली असती. बर्फावर पाण्याचा पातळ थर असेल तर पन्नासहून कमी माणसांत काम भागलं असतं.

हे पडताळून पाहता येतं. रसवंतीवाल्याकडे किंवा बर्फाच्या कारखान्यातून लादीचा सपाट तुकडा आणा. प्रयोगशाळेतला तानकाटा घ्या. एक वीट दोरीने बांधून आधी फरशीवर ओढा, काट्यावरचा आकडा लिहून ठेवा. मग विटेखाली गुळगुळीत फळी ठेवून तीच जोडी बर्फावर ओढा. मग बर्फावर थोडं पाणी शिंपडून पुन्हा. आमच्याकडच्या उकाड्यात बर्फाला पाणी आपोआप सुटतं, त्यामुळे दुसरा आणि तिसरा आकडा वेगळा हवा असेल तर बर्फ आधी कोरड्या फडक्याने पुसून लगेच वाचन घ्या. प्रत्येक गटाने आपले आकडे फळ्यावर मांडायचे. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. का जुळले नाहीत यावर जी चर्चा होते तीच कामाची.

मग एक प्रश्न विचारा आणि उत्तराची घाई करू नका: थंडीत, पहाटे, त्या विहिरीतून पाणी कोण काढत होतं? राजवाडा शिकताना मजूर इथेच भेटतो. त्याचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही.

खण मोजायला वाड्यात चला

निषिद्ध नगरीत ९,९९९ खोल्या आहेत, स्वर्गातल्या राजवाड्यात १०,००० असल्याने इथे एक कमी ठेवली, असं सर्रास सांगतात. व्हिडिओंमध्येही हेच ऐकू येतं. ही दंतकथा आहे आणि ती दंतकथा म्हणूनच सांगावी, कारण ती छान आहे. प्रत्यक्ष मोजणीत सुमारे ८,७०० भरल्या. पण मोजलं काय? तिथे मोजायचं एकक खोली नाही; चार खांबांमधली जागा हे एकक आहे. आपल्याकडे जुन्या घरांची मापं अशीच सांगत: तीन खणी, पाच खणी. ताइहे महाल ११ खण लांब आणि ५ खण खोल आहे आणि त्यात ७२ खांब आहेत.

हे कळायला वाडा बघावाच लागतो. सराफ बाजाराजवळचा पेशवेकालीन सरकारवाडा हे संरक्षित स्मारक आहे. जाण्याआधी तिथे किती मुलं नेता येतील आणि कुठला भाग खुला आहे याची चौकशी करा. जुन्या नाशकातल्या राहत्या वाड्यात जायचं असेल तर मालकांना आणि भाडेकरूंना, दोघांनाही विचारा. कुणाचं तरी घर आहे ते. मुलांनी फोटो काढण्याआधी परवानगी घ्यायची, स्वयंपाकघराकडे कॅमेरा फिरवायचा नाही, हे मी आदल्या दिवशी बजावून सांगते.

आत गेल्यावर तीन कामं द्या. पहिलं, खण मोजा. दुसरं, खांबाचा पाय बघा. लाकडी खांब जमिनीत गाडलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे ओल लाकडापर्यंत सहज चढत नाही. बीजिंगच्या महालांतले खांबही दगडी बैठकांवरच उभे आहेत. तिसरं, खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे मान वर करून पाहा. आपल्याकडे तिथे कोरीव हस्त येतो आणि तुळईचा भार खांबावर उतरवतो. चीनमध्ये त्या जागी लाकडाच्या ठोकळ्यांची आणि आडव्या हातांची थरावर थर चढलेली रचना असते, तिला दोगोंग म्हणतात. सगळे सांधे खाच आणि कुसू यांचे: एका लाकडाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारं कुसू. खिळ्यांनी आवळलेलं नसल्यामुळे भूकंपात ते थोडं हलतं आणि तुटत नाही.

एका विद्यार्थिनीचे आजोबा सुतार आहेत. त्यांना वर्गात बोलावलं तेव्हा त्यांनी सागाचे दोन तुकडे आणले होते. खाच आधीच पाडलेली होती, कुसू मुद्दाम थोडं जाड ठेवलं होतं. मुलांसमोर पटाशीने त्यांनी कुसवाच्या एका बाजूचा कागदाएवढा पापुद्रा काढला, बसवून पाहिलं, पुन्हा काढलं, पुन्हा पाहिलं, आणि मग तळव्याने एक चापट मारली. सांधा बसला. दोन धट्टीकट्टी मुलं ओढून थकली. "आजोबा, फेव्हिकॉल नाही?" असं एकाने विचारलं. "पावसाळ्यात लाकूड फुगतं बाळा, ते स्वतःच धरतं," ते म्हणाले. असा कारागीर तुमच्या शाळेच्या दोन गल्ल्या पलीकडे नक्की असेल. त्याला बोलवा, शाल-नारळ द्या आणि त्याच्या दिवसाची मजुरीही द्या. लाकडी चौकटीच्या चिनी बांधकामाचं कौशल्य २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं आहे. इमारतीइतकाच तो हातही वारसा आहे, हे आजोबांच्या पटाशीकडे बोट दाखवून सांगता येतं.

छपराच्या टोकावरचे प्राणी

हे फोटोवरून होतं आणि पाचवीची मुलंही करतात. महालाच्या छपराचा कोपरा मोठा करून दाखवा. उतरत्या धारेवर लहान लहान प्राणी रांगेत बसलेले दिसतील, पुढे पक्ष्यावर स्वार झालेला माणूस. तो माणूस सोडून प्राणी मोजायचे. जितके जास्त, तितका इमारतीचा मान मोठा. ताइहे महालावर १०, त्यामागच्या लहान महालावर ७, तिसऱ्यावर ९. दहा प्राणी असलेलं छप्पर हे एकच. पाच-सहा फोटो नाव न सांगता द्या आणि कुठली इमारत सर्वांत मानाची ते ओळखायला सांगा. मूळ काम मात्र साधं: घसरणारी कौलं पक्की धरणाऱ्या खिळ्यांवर ही झाकणं आहेत.

याला जोडून छपराच्या मुख्य धारेतली पेटी सांगा. इमारत पूर्ण होताना धारेच्या मधोमध एक पेटी बसवत. तिच्यात धान्य, नाणी, रंगीत धागे, धातूचे तुकडे ठेवत. दुरुस्तीच्या वेळी ती मान देऊन उतरवत आणि काम झालं की परत बसवत. घरच्या वास्तुशांतीला जमिनीत काय पुरलं होतं, हे आजीला विचारून यायला सांगा. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायला हात वर होतात.

अवघड प्रश्न टाळू नका

आठवी-नववीच्या मुलांना लुटीचा इतिहास सांगितलाच पाहिजे. १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा जुना उन्हाळी राजवाडा, युआनमिंगयुआन (आपल्या तिघांतला उन्हाळी राजवाडा वेगळा), लुटला आणि ब्रिटिशांनी लॉर्ड एल्गिनच्या हुकुमाने तो जाळला. कारण सांगताना पूर्ण सांगा: वाटाघाटीला गेलेली माणसं चिनी बाजूने पकडली होती, त्यांतले बरेच हाल होऊन मेले, आणि मेलेल्यांत ब्रिटिशांच्या फौजेतले भारतीय स्वारही होते. त्या मोहिमेत पंजाबातल्या पलटणी होत्या. आपल्या मातीतला शिपाई दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी तिथे गेला होता, हे ऐकल्यावर गोष्ट परकी राहत नाही. तिथल्या कारंज्यावरची राशिचक्रातल्या १२ प्राण्यांची कांस्य मस्तकं जगभर विखुरली. उंदीर आणि ससा २०१३ मध्ये चीनला परत मिळाले. काही अजून सापडलेली नाहीत.

मग पेट्यांची गोष्ट. जपानी आक्रमण जवळ आलं तेव्हा १९३३ मध्ये निषिद्ध नगरीतल्या वस्तू १३ हजारांहून जास्त पेट्यांत भरून दक्षिणेला हलवल्या. युद्धभर त्या रेल्वेने, नावांनी, ट्रकने फिरत राहिल्या. यादवी युद्धाच्या शेवटी त्यांतला काही भाग तैवानला गेला. तो आज तैपेईच्या संग्रहालयात आहे. या वस्तू कुठे असाव्यात, यावर वर्गात दोन गट करा. तुम्ही निकाल देऊ नका. मी देत नाही.

आजचा प्रश्नही घ्या. २०१९ मध्ये एका वर्षात १ कोटी ९० लाखांहून जास्त लोक ही नगरी पाहून गेले. एवढी पावलं जुन्या फरशीवर पडली तर? २००० साली आवारात एका अमेरिकी कॉफी साखळीचं दुकान उघडलं, लोकांनी हरकत घेतली, २००७ मध्ये ते बंद झालं. रामकुंडाच्या काठावर काय विकावं आणि काय विकू नये, यावर आमच्या मुलांची मतं फार ठाम असतात. चर्चा तिकडे वळली तर वळू द्या.

"चीन तर आपला शत्रू ना मॅडम, मग त्यांचे राजवाडे कशाला?" हाही प्रश्न येतो. रागवू नका. मुलगा बातम्या ऐकतो आणि सीमेवर जवान शहीद झाले हे त्याला ठाऊक असतं. त्याच्या भावनेचा मान ठेवून मी त्याला ह्युएन त्संगची गोष्ट सांगते. सातव्या शतकात तो महाराष्ट्रात आला होता, पुलकेशी दुसरा याचं राज्य होतं. इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलं. त्याने पाहिलेली राजधानी कोणती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि काहींनी ती नाशिक मानली आहे. तो ६४५ मध्ये परतला. पुढे युहुआ नावाचा डोंगरातला शाही राजवाडा बौद्ध मठाला देण्यात आला होता, तिथे बसून त्याने महाप्रज्ञापारमिता या बौद्ध ग्रंथाचं प्रचंड भाषांतर केलं आणि ६६४ मध्ये तिथेच तो वारला. सम्राटाच्या राजवाड्यात भारतातल्या पोथ्या उलगडल्या गेल्या. एवढं सांगून मी थांबते.

पांडवलेणी आणि राखण्याचा खर्च

सहल पांडवलेणीला काढत असाल तर दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातला उषवदाताचा लेख मुलांकडून गणित म्हणून सोडवून घ्या. हा नहपान क्षत्रपाचा जावई. लेणं दान देऊन तो थांबला नाही. त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले: २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज किती? २४०. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी १२. हिशेब चोख जुळतो. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याच गावात कुणीतरी वास्तूबरोबर तिचा रोजचा खर्चही दगडावर लिहून ठेवला, हे बीजिंगच्या रांजणांनंतर वाचलं की मुलांच्या चेहऱ्यावर ओळख दिसते.

गुण कसे द्यावेत

सनावळीचा पेपर काढू नका. मी एकच लेखी काम देते: "पावसाळ्याला एक महिना उरला आहे आणि निषिद्ध नगरीच्या देखभालीची जबाबदारी तुमच्यावर आहे. आधी काय तपासाल, कुणाला बोलवाल, कशावर खर्च कराल आणि कशावर करणार नाही?" दोन पानं पुरतात. चांगल्या उत्तरात कौलं, गटारं, खांबांचे पाय, वीज, गर्दी आणि कारागिरांची मजुरी येते; नुसतं "भव्य आणि सुंदर" लिहिलेल्या उत्तराला मी कमी गुण देते आणि का ते बाजूला लिहिते. हाच प्रश्न ज्यांनी वाडा पाहिला त्यांना त्या वाड्याबद्दल विचारा. राहत्या वाड्याच्या मालकांना त्यातली निवडक उत्तरं नेऊन द्या, शुद्धलेखन न सुधारता, मुलांच्याच अक्षरात.